पडद्यावरची ब्रेकव्हॅन

मालगाडीचं तोंड सगळं जग बघतं. इंजिन आलं की पोरं हात करतात, फाटकापाशी खोळंबलेले सायकलवाले डबे मोजायला लागतात आणि निम्मी गाडी सरली की कंटाळून तंबाखू मळत बसतात. शेपटाकडे कोण बघतो? आम्ही बघायचो, कारण शेपटाला आमचा बाप बसलेला असायचा. बाबा मालगाडीचे गार्ड होते. सगळ्यात शेवटी जो आखूड, गंजक्या तांबड्या रंगाचा डबा असतो, ज्याला दोन्ही अंगांना वीतभर उघडा व्हरांडा, लोखंडी कठडा आणि मागे लाल दिवा असतो, ती ब्रेकव्हॅन. गार्डलोक तिला नुसतं 'ब्रेक' म्हणत. बाबांची नेमणूक दौंडची होती, पण बिऱ्हाड नगरला, स्टेशनाजवळच्या एका चाळीत दोन खोल्यांत. आईचं म्हणणं असं की दौंडला धुराशिवाय काही नाही, इथं निदान आपली मंडळी आहेत, रविवारच्या प्रार्थनेचं देऊळ आहे, पोरांची शाळा आहे. त्यामुळे बाबा आम्हांला घरी कमी आणि गाडीत जास्त भेटले. आता सांगितलं तर नातवंडांना खोटं वाटतं, पण माझ्या बापाची मला आठवणारी निम्मी बोलणी मी खडीवर उभी आणि ते वर कठड्याला रेलून उभे, अशीच झालेली आहेत.

लाईन एकेरी होती. समोरून गाडी यायची असली की मालगाडी नगरला बाजूच्या रुळावर काढून ठेवायचे, आणि एकदा काढली की ती तिथं तास तास पडून राहायची. बाबांच्या गाडीला बहुतेक वेळा एकच ड्रायव्हर असे, रहिमतपूरकडचा एक जाडजूड माणूस. तो स्टेशनात शिरताना शिट्टी मारायची ती एक लांब मारून थांबायचा आणि मग मांजर म्यावल्यासारखी एक बारीक मारायचा. ती बारीक आमच्यासाठी असे. ती ऐकली की आई हातातलं टाकून तवा चढवायची. "आले गं तुझं बाबा. पीठ काढ." आई राहुरीकडची. नगरात चाळीस वर्षं काढली तरी तिचं बोलणं काही नगरचं झालं नाही. भाकरी थापता थापता तिचं चालू असायचं, "पळ, पळ लौकर, न्हाईतर सिंगल पडंल आन् बाबा उपाशी जातील." मग मी डबा घेऊन निघायची. फलाट संपला की खडी सुरू, आणि खडीवरून चपला घालून चालणं म्हणजे काय असतं ते चालणाऱ्यालाच ठाऊक. डब्यामागून डबे जात राहायचे, कोळसा, सिमेंट, साखर, आणि शेवटी एकदाची ब्रेक दिसायची. बाबा पांढरा कोट काढून बनियनवर उभे असायचे. डबा मी खालून वर द्यायची. हुलग्याचे शेंगोळे असले तर झाकण उघडायच्या आधीच त्यांना वास यायचा आणि ते म्हणायचे, "आज तुझ्या आईचं माझ्यावर प्रेम आहे."

वर चढायची मात्र सोय नव्हती. ब्रेकमध्ये गार्डाशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही, हा रेल्वेचा नियम, आणि बाबांच्या बाबतीत रेल्वेचा नियम म्हणजे बायबलातल्या दहांनंतरची अकरावी आज्ञा. दुसरे गार्ड काय करत ते सांगत नाही. कुणी भावाला बसवायचं, कुणी भाजीची पाटी टाकायचं, कुणाच्या सासूबाई ब्रेकमध्ये बसून मनमाडला जाऊन आलेल्या. आमच्या बाबांनी माझ्या धाकट्या भावाला, दादूला, कधी नुसतं कठड्यावर बसवलं नाही. आई चिडवायची, "असं काय सोनं ठिवलंय हो त्या डब्यात?" बाबा शांतपणे भाकरी मोडत म्हणायचे, "सोनं असतं तर तुलाच आधी बसवलं असतं."

तर ते जेवत असताना मी खाली खडीवर बसून त्या डब्याचं चित्र काढायची. दुसरं करणार काय? समोर तेवढंच होतं. कठड्याच्या सळया, पायऱ्या, फळ्यांच्या जोडावरचे लोखंडी खिळे, दिव्याची काच, आणि व्हरांड्यात ठेवलेली बाबांची पेटी. ही पेटी प्रत्येक गार्डाची स्वतःची असते, लोखंडी, काळी. तिच्यात बावटे, हातदिवा, धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके, औषधं, नियमांचं पुस्तक आणि गार्डाचा शिधा. पेटीवर गार्डाचं नाव पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत असायलाच हवं. बाबांच्या पेटीवरचं नाव उडालं होतं, ते मी एकदा ते जेवत असताना पेटी खडीवर उतरवून घेऊन पुन्हा रंगवून दिलं. अक्षरं ठसठशीत आली. ती दुसऱ्या गार्डांनी बघितली आणि मग काय विचारता! ज्याची गाडी नगरला अडकेल तो निरोप धाडायचा, "साळव्यांच्या पोरीला पाठवा, पेटी रंगवायची आहे." कुणाला नावाखाली कमळ हवं, कुणाला वाघ हवा. एका शिंदेकाकांना पेटीवर बायकोचं नाव हवं होतं पण कुणाला वाचता येणार नाही असं, तर ते मी वेलबुट्टीत घातलं. हायस्कूलच्या चित्रकलेच्या बाईंनी मला जे शिकवलं त्याहून जास्त मला त्या पेट्यांनी शिकवलं, आणि त्या सगळ्या काकांचे माझ्यावर उपकार आहेत.

परवा नातीनं मोबाईलवर दाखवलं, कुठल्याशा देशात लोक असले जुने गार्डाचे डबे रंगवून त्यांत राहतात, त्यांचे फोटो काढतात, प्रदर्शनं भरवतात. मी म्हटलं, बघ, आम्ही हे आधीच करून बसलो. ती हसली. आता आपल्याकडच्या मालगाड्यांना कित्येकदा शेवटी गार्ड नसतोच म्हणे, एक लाल लुकलुकणारं यंत्र लावून देतात. यंत्राला शेंगोळे कोण नेऊन देणार! असो. म्हातारीला विषय मिळाला की ती रुळावरून घसरते.

मॅट्रिक झाले आणि घरात एकच विषय सुरू झाला. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला जायचं. तिथल्या मोठ्या सिस्टरबाई आईच्या ओळखीच्या. त्यांनी जागा देऊ केली होती आणि बाबांनी त्यांना शब्द दिला होता. राहणं-खाणं तिथंच, पुढे नोकरी पक्की. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. माझ्या दोन मैत्रिणी गेल्या आणि त्यांनी सोन्यासारखं काम केलं. पण मला रक्त बघितलं की गरगरायचं, आणि मला पुण्याला जाऊन चित्रकलेच्या शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. हे मी बाबांना एकदाच सांगितलं, अर्थात खडीवरून. ते चूळ भरत होते. म्हणाले, "चित्रं फुरसतीला काढायची, सुवा. माणसाला आधी काहीतरी व्हावं लागतं." माझं नाव सुवार्ता, पण ते पूर्ण नाव घरात फक्त रागावताना निघायचं. बाबा रागावलेले नव्हते, म्हणजे हे त्यांचं ठरलेलं मत होतं, आणि त्यांचं ठरलेलं मत हलवणं म्हणजे डबे जोडलेली मालगाडी हातानं ढकलणं. नर्सिंग पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू होणार होतं, आणि मधले महिने मोकळे होते.

नर्सिंगच्या अर्जाला फोटो हवा म्हणून मी भिंगारला मुनीरचाचांच्या स्टुडिओत गेले, आणि माझं घोडं तिथं पेंड खायला थांबलं ते थांबलंच. भिंगार छावणीचं गाव, सगळं गिऱ्हाईक जवानांचं. चाचांच्या स्टुडिओत मागे एक कापडी पडदा टांगलेला असे, त्यावर बाग, कारंजं आणि दोन हंस. छपरातून गळून त्या बागेवर पाणी उतरलं होतं आणि हंसांची पार वाट लागली होती. माझ्या जिभेला कधीच हाड नव्हतं. फोटो काढून होताच मी म्हटलं, "चाचा, हंस आहेत का शेळ्या?"

चाचा कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिले. "जबान तो कैची हाय तुझी," ते म्हणाले. "हात चालतो का तसाच? तर काढून दाखव. कापड माझं, रंग माझा. बिघाडलंस तर तुझ्या बापाकडं येतो."

मी म्हटलं काढते. काय काढायचं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ताजमहाल मी बघितला नव्हता. काश्मीरही बघितलं नव्हतं. मी नीट बघितलेली जगात एकच गोष्ट होती, आणि ती मी त्या कापडावर तिच्या खऱ्या मापाची काढली. ब्रेकव्हॅनचा मागचा व्हरांडा. उघडं दार, दारातून आतल्या बाकाचा कोपरा, फळ्या, खिळे, बाजूचे दिवे, आणि कडेला दूर जाणारे रूळ. आई विचारायची, "काय गं करती रोज भिंगारला?" मी म्हणायची, "रंगकाम." बाबांनाही तेवढंच ठाऊक होतं, आणि जूनपर्यंत पोर कशात तरी गुंतली आहे यावर ते खूश होते.

आता माझा मूर्खपणा ऐका. डबा तांबडा, म्हणून मी तो तांबडा रंगवला. दिवा लाल, कठड्यात खोचलेला एक बावटा हिरवा. रेल्वेच्या घरात वाढलेल्या पोरीला लाल आणि हिरवा म्हणजे काही गंमत नाही, लाल म्हणजे थांब आणि हिरवा म्हणजे जा, त्यावर माणसं जगतात. मी अगदी जीव ओतून ते रंग उतरवले. चाचांनी पडदा बघितला, मग म्हणाले, "मालगाडी? बेटी, माझ्याकडं लोक लग्नाचे फोटो काढायला येतात." तरी त्यांनी एक फोटो काढून बघितला. धुऊन आणला तर काय, सगळा डबा काळाकुट्ट गोळा, आणि लाल दिवा आणि हिरवा बावटा दोन्ही एकाच मळक्या राखाडीचे. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कसले दिसतात! मला रडूच फुटलं. चाचा हसून हसून खोकायला लागले. खोकला थांबल्यावर त्यांनी एक जुनी बशी घेतली, तिच्यात काळा आणि पांढरा कालवला आणि म्हणाले, "रंग विसर. उजेड कुठं पडतो ते बघ." मग पुढचे कित्येक दिवस त्यांनी मला करड्या रंगाच्या इतक्या छटा दाखवल्या की मला चिंचेचं झाडसुद्धा करडं दिसायला लागलं. अख्खा पडदा मी पुन्हा रंगवला. नुसता बघितला तर राख फासल्यासारखा मेलेला दिसायचा, पण फोटोत असा जिवंत उठायचा की हात लावून बघावा. चाचांनी सुतार बोलावून पुढे खराखुरा लाकडी कठडा ठोकून घेतला, म्हणजे उभं राहणाऱ्याला त्यावर हात ठेवता येईल. चाचांनी मला एक पैसा न घेता जे दिलं ते मला पुढे कुठल्याही कोर्सात मिळालं नाही.

चाचांना वाटत होतं की हा पडदा चालणार नाही. दिवाळी होऊन गेली होती, छावणीत धावपळ होती, लढाई होणार असं सगळेच कुजबुजत होते. एके दिवशी एक जवान फोटो काढायला आला. वांबोरीकडचा, स्टेशनात चहाचा गाडा चालवणाऱ्याचा मुलगा. पडद्यासमोर आला आणि थबकला. "आरं, ही तर आपली गाडी," तो म्हणाला. "चाचा, हिच्यावरच काढा. आईला वाटंल मी घरी यायला निगालोय." कठड्यावर हात टेकून तो असा उभा राहिला जणू वाऱ्यावर गाडी चाललीच आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे सोबती आले, मग त्यांचे सोबती. कुणी पंजाबातला, कुणी मद्रासकडचा, पण गाडी सगळ्यांच्या घरी जाते. फोटो पाकिटांत घालून गावोगाव गेले. लढाई झाली. तो वांबोरीचा मुलगा देवाच्या दयेनं धडधाकट परत आला. सगळेच आले नाहीत. त्यांच्या घरच्या भिंतींवर आज तो डबा असेल, या विचारानं माझा ऊर अजून भरून येतो.

उन्हाळा लागता लागता बाबा एकदा वेळ नसताना घरी आले. शिट्टी झाली नव्हती. पॅसेंजरनं आले होते. कोट न काढता खाटेवर बसले आणि आईला म्हणाले, "माझ्यावर चौकशी आहे." त्या वर्षी बाबांचं नाव पॅसेंजरच्या गार्डांसाठी पुढे गेलेलं होतं. मालगाडीच्या गार्डाला पॅसेंजर मिळणं म्हणजे काय, तर वेळेवर निघणं, वेळेवर घरी येणं, माणसासारखं ताटावर बसून जेवणं. एवढ्या नोकरीत त्यांच्या नावाला एक डाग नव्हता. आणि आता साहेबांच्या टेबलावर एक फोटो होता. ट्रॅफिक इन्स्पेक्टर वांबोरीला चहा प्यायला थांबले, गाड्यावर चौकटीत लावलेला फोटो दिसला: ब्रेकव्हॅनच्या व्हरांड्यात परका माणूस ऐटीत उभा, आणि त्याच्या पायाशी पेटी, पेटीवर वाचता येईल असं, डी. एस. साळवे, गार्ड, दौंड.

होय, पेटी मीच काढली होती. नावासकट.

आई मला जे बोलायचं ते बोलली. "बापाच्या भाकरीत माती कालवलीस गं! कुनी सांगितलं हुतं असलं रंगवायला?" ती रडत होती आणि बोलत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. एक गोष्ट मला स्वच्छ कळत होती, की बाबांची बढती यात गेली तर या घरात ब्रशचं नाव पुन्हा निघणार नाही, आणि काढायला मलाच तोंड राहणार नाही. बाबा तेवढे ओरडले नाहीत. म्हणाले, "साहेबांना मी सांगितलं की हा डबा खरा नाही, चित्र आहे. ते म्हणाले, मला शिकवू नका, मी डब्याचा खिळा न् खिळा ओळखतो. मी म्हटलं, मग येऊन बघा. ते येणार आहेत." मग माझ्याकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "पेटी कशाला काढलीस गं?"

"ब्रेक म्हटली की पेटी आलीच ना, बाबा," मी म्हटलं. "पेटीशिवायची ब्रेक मला दिसतच नाही."

"हं," बाबा म्हणाले, आणि कोट काढून खुंटीला लावला.

चाचांना कळल्यावर ते ब्रश घेऊनच बसले होते, नाव पुसून टाकायला. बाबांनी हात धरला. पुराव्याला हात लावायचा नाही म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा स्टुडिओत आले होते, पण पडद्याकडे त्यांनी धड बघितलंही नाही, त्यांना साहेबांच्या स्वागताची काळजी. साहेब आले ते उन्हाचे आले, उंच, किरकोळ, टोपी काखेत. पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा? हा तर राखेचा ढीग आहे. साळवे, त्या फोटोतला डबा हा नव्हे."

बाबांच्या कपाळावर घाम दिसला. चाचा मात्र बिलकूल डगमगले नाहीत. "हुजूर, जरा असं कठड्यापाशी या. टोपी घाला. हां, हात वर ठेवा. दोन मिनटं मेहेरबानी." साहेबांना काही कळायच्या आत दिवे लागले, चाचा फडक्यात शिरले आणि बाहेर आले. मग ते अंधाऱ्या खोलीत गेले. आम्ही बाहेर चहा पीत बसलो, म्हणजे साहेब पीत होते, आमचे कप भरलेलेच राहिले. चाचा ओला फोटो चिमट्यात धरून आले आणि साहेबांच्या पुढ्यात धरला. ब्रेकव्हॅनच्या व्हरांड्यात ट्रॅफिक इन्स्पेक्टरसाहेब उभे, मागे रूळ पळताहेत, पायाशी डी. एस. साळव्यांची पेटी.

"आता हुजूरवर पण चौकशी बसणार," चाचा म्हणाले.

साहेबांच्या तोंडून "अरेच्चा!" निघून गेलं. ते उठले, पडद्यापाशी गेले, एका खिळ्यावर नख घासून बघितलं, मग दाराच्या कडेवर. हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. साहेब झाला म्हणून काय, माणूसच. पण साहेबपण लगेच परत आलं. "ठीक. डब्यात परका माणूस नव्हता, मान्य. पण कर्मचाऱ्याचं नाव असं बाजारात मांडायची परवानगी कुणी दिली? पेंटर कोण? बाहेरचा असेल तर मी इथंच मिटवतो. कर्मचाऱ्याच्या घरचा हात असेल तर मला वर लिहावं लागेल."

चाचा हजरजबाबी माणूस. ते लगेच म्हणाले, "मुंबईचा पेंटर होता, साहेब. आला, पैसे घेतले, गेला. आता कुठं शोधायचा!" साहेब मान हलवायला लागले. त्यांनाही तेच हवं होतं, असं मला आजही वाटतं. मी कोपऱ्यात उभी राहून मनात देवाचे आभार मानायला सुरुवात केली होती. बाबांनी नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंच.

बाबा साहेबांकडे बघत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते, पहिल्यांदाच नीट. मला वाटतं, आपली ब्रेक पाठीमागून कशी दिसते हे त्यांनी कधी बघितलंच नसावं. ते तर कायम आतच. सावकाश ते पुढे गेले, पेटीपाशी वाकले, मग सरळ झाले. "मुनीरभाई, थांबा," ते म्हणाले. "साहेब, पेंटर मुंबईचा नाही. हे माझ्या मुलीनं काढलंय. ही उभी आहे ती."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. दोन वेण्या, रंगानं माखलेला परकर, पायात स्लिपर. "ही?" ते म्हणाले. "काय करते ही?"

माझी खात्री होती की बाबा म्हणतील, नर्सिंगला जाणार आहे. ते खरंही होतं, आणि ते खोटं कधी बोलत नसत.

"चित्रकार आहे, साहेब," बाबा म्हणाले.

साहेबांनी टोपी उचलली. "साळवे, मला लिहावं लागेल हे. तुम्हांला ठाऊक आहे ना पुढे काय आहे ते?"

"लिहा, साहेब. नाव लिहून घ्या. सुवार्ता दानियल साळवे."

साहेबांनी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हांला कधी कळलं नाही. बाबांना कडक समज मिळाली आणि त्या खेपेची बढती हुकली, त्यांच्या मागून आलेले दोघे पॅसेंजरवर गेले. बाबांना ती पुढच्या खेपेला मिळाली. मधला सगळा काळ ते मालगाडीच्या शेपटाला बसून फिरले आणि त्याबद्दल एक शब्द, एक उसासा, काही म्हणजे काही त्यांनी आमच्या कानावर पडू दिलं नाही. मी पुढे जन्मभर शाळांमधून पोरांना चित्रकला शिकवली, तिनं मला घर दिलं, मान दिला, पोटाला दिलं. ते सगळं त्या हुकलेल्या बढतीतून आलेलं आहे हे मला एक दिवसही विसरता आलेलं नाही, आणि विसरायचंही नाही.

त्या दुपारी आम्ही भिंगारहून सायकलवरून घरी निघालो. बाबा पुढे, मी मागे कॅरिअरवर. ऊन रणरणत होतं. बराच रस्ता गेल्यावर मी भीत भीत म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

"काय चुकलं? पेटीचं काळं कुलूप तेवढं जरा मोठं आलंय," ते म्हणाले. मग चढ लागला तसे खाली उतरले आणि सायकल हातानं ओढत चालायला लागले. मीही उतरले. चढ संपता संपता ते म्हणाले, "उद्या सकाळी मी दवाखान्यात जाऊन सिस्टरबाईंना सांगून येतो."

"काय सांगणार?"

"पोरगी येणार नाही म्हणून."

मी त्यांच्या कोटाची बाही धरली, लहानपणी धरायची तशी, आणि भर रस्त्यात रडायला लागले. ते थांबले नाहीत, बाही पण सोडवली नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तू नको येऊस बरोबर. मी शब्द दिला होता, त्या चांगलंच झापतील. माझं मी ऐकून घेतो."